अण्णारावासाठी निवडलेली गाडी

अण्णारावाला जिप्सी म्याच घ्यायला लावली. गाडी चांगली हाय. म्या एक शब्द खोटा बोललो न्हाई, आजबी कुणापुढंही छातीवर हात ठेवून सांगीन.

माझं गॅरेज अहमदपूरच्या स्टँडामागं. आठ वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात जीपा खोलल्या, जोडल्या, मग गावाकडं आलो. लातूर जिल्हा होऊन तवा चार वर्षं झालती. नवं हापीस, नवे सायेब, अन् पाऊस दोन सालापासून बेपत्ता. टँकर, पाझर तलाव, रोज दौरे. ज्याच्या गाडीत सायेब बसला त्याची जिल्ह्यात चलती. आमच्या गावचा मोठा मालक अण्णाराव, त्याला ती चलती पायजे होती. जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद त्याच्या डोळ्यापुढं नाचून राहिलं होतं.

एक दिवस तो गॅरेजात आला. खुर्ची पुसून घेतली अन् बसला. "लिंबाजी, फोर-व्हील घ्यायची हाय. रोज लातूरला जाता आलं पायजे अन् दौऱ्यात नदीनाल्यातूनबी निघाली पायजे. डिझेलची जीप घेऊ का ही नवी जिप्सी?"

हसून इचारलं त्यानं. जसं काही आमचं कधी वाकडं झालंच न्हाई.

बहात्तर साली माय त्याच्या रानात राबायची, अकरा वर्षं झालती राबून. दुष्काळात खडी फोडायला गेली अन् वांत्या-जुलाब लागले. दवाखाना कंधारला. अण्णारावाची जीप लिंबाखाली उभी, पेट्रोल भरलेलं, तो कुठं जाणारबी नव्हता. म्या सतरा वर्षांचा. पायावर डोकं ठेवलं त्याच्या. पान चघळत म्हणला, "सीटा खराब होतील रे. बैलगाडी घेऊन जा." माय बैलगाडीत गेली. कंधारची वेस दिसायच्या आधीच गेली. तवापासून म्या या माणसाचा डूख धरून हाय. वर्कशॉपात पाना हातात घेतला तरी त्याचं तोंड दिसायचं.

आता तोच माझ्याकडं सल्ला मागत होता. म्या पाना खाली ठेवला अन् पयल्यांदा नीट इचार केला. गाडीचा न्हाई, माणसाचा.

मग सांगाया लागलो. "मालक, डिझेलची जीप दणकट हाय. आवाज लई करती, लातूरपतोर कंबर ढिली करती, पण वाळूत पडली तर बसल्या जागी गिअरजवळचा दुसरा दांडा ओढायचा, पुढची चाकं लगेच काम धरतात. जिप्सी हलकी, पळती झ्याक, सीट मऊ. फक्त तिचं एक हाय. फोर-व्हील लावायची म्हणलं की खाली उतरावं लागतं. पुढच्या दोन्ही चाकांना मधोमध एकेक गोल खटका हाय, तो हातानं फिरवायचा. मग दांडा ओढायचा. खटका न्हाई फिरवला तर दांडा ओढून काही उपेग न्हाई."

अण्णारावानं हात झटकला. "ते ड्रायव्हरला सांग."

हेच म्हणणार, मला पक्कं ठाऊक होतं. या माणसानं जन्मात चाकाला हात लावला न्हाई. दसऱ्याला गाडी पुजायची तरी चाकं धुणार ड्रायव्हर, लिंबू ठेवणार ड्रायव्हर, हा निस्ता बोनेटला कुंकू लावणार. चाकापाशी उकिडवं बसणं म्हणजे त्याच्या लेखी इज्जत गेली. म्या म्हणलं, "मग जिप्सीच घ्या मालक. तुमाला शोभती."

घेतली. म्या त्याच्या ड्रायव्हरला, व्यंकटीला, खटका दाखवला, दोनदा फिरवून घेतला. माझ्याकडून बेइमानी नको. अन् थांबलो. चार महिने अण्णाराव लातूरच्या डांबरावर जिप्सी पळवत होता. मला म्हणायचा, "लिंबाजी, काय गाडी सांगितली तू." म्या म्हणायचो, "हाव मालक."

मग नव्या कलेक्टरचा दौरा लागला, मन्याडच्या पल्याड पाझर तलावावर. माझी लिलावातली जुनी जीप हापिसानं भाड्यानं लावली होती, मागं दोरखंड अन् फिटर घेऊन चालायला. निघायच्या टायमाला अण्णारावानं व्यंकटीला खाली उतरवलं. कलेक्टर सायेब शेजारी, मागं त्यांची माणसं. जागा पायजे होती, अन् स्टेअरिंगवर स्वतः दिसायचं होतं. व्यंकटी रस्त्याच्या कडंला उभा राहिला. म्या त्याच्याजवळून गेलो तवा मनात म्हणलं, खटका फिरवणारा हात मागं राह्यला.

मन्याड कोरडी ठाक. नुसती वाळू, अन् मधी झिरे खांदून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. जिप्सी निम्म्यात गेली अन् बसली. अण्णारावानं दांडा ओढला, रेस दिली. मागची चाकं खड्डा करू लागली, पुढची जागच्या जागी. रेस दिली तशी गाडी पोटापतोर बसली. बाया घागरी ठेवून बघू लागल्या. सायेबानं घड्याळ पाह्यलं.

म्या माझी जीप बाजूनं काढली, पुढं घट्ट जमिनीवर लावली अन् चालत मागं आलो.

"लिंब्या, बघ रे हिला काय झालं."

म्या चाकापाशी बसलो. खटक्यावर बोट ठेवलं. दोन्ही चाकांचे खटके फिरवले की काम खतम. पण फिरवले न्हाईत.

"काढतो मालक. पयले माह्या मायचं नाव सांगा."

"काय?"

"माह्या मायचं नाव. अकरा वर्षं तुमच्या रानात राबली. बहात्तर साली तुमी जीप दिली न्हाई अन् ती बैलगाडीत मेली. तिचं नाव सांगा, गाडी काढतो."

अण्णाराव हसला, सायबाकडं पाह्यलं. सायेब हसला न्हाई. मग अण्णारावाचंबी हसू थांबलं. मला वाटलं आता शिव्या देईल, न्हाईतर मान खाली घालील. दोन्हीला माझं उत्तर तयार होतं, चौदा वर्षं घोटून ठेवलेलं. पण तो खरंच आठवू लागला.

"कोंडाबाई," तो म्हणला. "कोंडाबाईच ना रे?"

झिऱ्यावरच्या बायातून एक म्हातारी बोलली, "मालक, कोंडाबाई म्या हाय. जित्ती हाय अजून."

बाया फिसकन हसल्या. अण्णारावाचं तोंड लाल झालं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्या ज्याच्यापायी रात्रंदिस जळलो, त्याच्या ध्यानातच न्हाई कोण मेलं ते. त्यानं मला लाथ घातली असती तर सोसली असती.

म्या उठलो. "सायेब, माझ्या जीपीत बसा. टाइम होऊन राहिला."

सायेब उतरला, त्याची माणसं उतरली. वाळू तुडवत माझ्यामागं आली. मागं कोंडाबाई त्याला सांगत होती, "नागुबाई. नागुबाई होतं तिचं नाव, मालक."

म्या जीप चालू केली तवा तो जिप्सीतून मान बाहेर काढून वरडून राहिला होता, "लिंब्या, नागुबाई. अरे सांगितलं ना नाव, नागुबाई. आता ये की." कोडं सुटल्यासारखं. त्याच्या तोंडून तेवढंच ऐकायला म्या चौदा वर्षं थांबलो होतो, अन् ऐकून म्या वाळूत थुंकलो.