सलूनमधली भिंत

वडिलांनी माझ्या दोन्ही भावांच्या हातात कात्री दिली आणि माझ्या हातात सुई. ते गेल्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून भावांकडे आलं. मी पलीकडच्या गल्लीत कपडे शिवते. आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे माझं माहेर म्हणजे ते सलूनच.

दादाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की कमाई एका डब्यात आणि वाटणी समान. तत्त्व झकास होतं. फक्त दादा त्याच्या इतका प्रेमात पडला, की एकेका दाढीला तास लावायला लागला. धाकटा पाच डोकी उरकायचा तोवर हा एकाच गिऱ्हाइकाला जगाची परिस्थिती समजावत असायचा. मग धाकट्यानेही हात आखडता घेतला. दोघे अगदी समान झाले आणि बाकावरची माणसं जांभया देत ताटकळत बसली.

मग धाकट्याचं राज्य आलं. जो डोकं करेल, त्याची कमाई. कात्र्या अशा चालायला लागल्या की बघत राहावं. पण हातपाय झाडणारी लहान पोरं कुणालाच नकोशी झाली, आणि टक्कल पडलेले पोस्टमास्तर दोघांनाही हवेसे, कारण पाच मिनिटांत पूर्ण पैसे. एकदा दोघांनी त्यांना एकाच वेळी धरलं. डाव्या कानामागचे केस दादाने कापले, उजव्या कानामागचे धाकट्याने, आणि पोस्टमास्तर कुणालाच पैसे न देता निघून गेले.

तरी कमाई वाढली होती. धाकट्याने हप्त्यांवर पाठ दाबून देणारी खुर्ची आणली. दादाने त्याला बाजाराचा गुलाम म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात पाठीबरोबर पायही दाबणारी आणली. माणसं दाढीला यायची आणि घोरायला लागायची, उठवलं की चिडायची. त्या दोन धुडांमधून भाऊ अंग चोरून फिरत. एके दिवशी कोपराला कोपर लागलं आणि दोघांचं असं वाजलं, की बोलणंच बंद झालं.

दोन महिन्यांनी मला दोघांचे वेगवेगळे निरोप आले, शब्द मात्र तेच. सुट्टीच्या दिवशी टेप आणि खडू घेऊन ये, मधोमध भिंत घालायची आहे, रेघ मार. मी दोघांचा मनसोक्त उद्धार केला. पण खरं सांगते, काळजी वेगळीच होती. भिंत झाली तर मी कुठल्या दारातून आत जायचं?

गेले. गुडघे टेकून मोजलं, रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर पाठ सरळ करायला थांबले, तर समोरच्या आरशात दोघे दिसले. दादाचे कान केसांत गडप झालेले, धाकट्याने चक्क रबरबँड लावलेला. मला हसू आवरेना. स्वतःच्या डोक्यामागे कुणाची कात्री पोहोचते? हे दोघे लहानपणापासून एकमेकांचे केस कापत आले होते. दुसऱ्याच्या सलूनमध्ये जायची लाज आणि घरात अबोला.

"भिंत झाल्यावर तुमचे केस कोण कापणार?" मी विचारलं.

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मग दाबणाऱ्या खुर्च्या सोडून तो बाकावर जाऊन बसला.

"मागून कमी कर जरा," तो समोरच्या आरशाकडे बघत म्हणाला.

धाकट्याने कपडा झटकला, त्याच्या गळ्याभोवती बांधला, पाणी मारलं आणि तसाच थांबला. "नेहमीसारखेच ना?"

"तुला माहीत आहे की."

दादाचे झाले, मग धाकटा बसला. मी मुद्दामच विचारलं, की या दोन डोक्यांची कमाई आता डब्यात समान टाकायची, की ज्याने कापलं त्याने घ्यायची? दोघांनी मला वेड्यात काढलं.

"घरात कसला हिशोब, ताई?" धाकटा म्हणाला.

मला रडू आलं. ते लपवायला मी झाडू घेतला, आणि अर्धवट आखलेली रेघ केसांबरोबर झाडून टाकली. मला कुणी थांबवलं नाही.