चाकावरचा हात

“थांब! वजन नको करूस!” आमचे हे एवढ्या जोरात ओरडले की भंगारवाल्यानं उचललेली मशीन स्वतःच्या पायावरच सोडली असती.

त्यानं ती कशीबशी फरशीवर टेकवली आणि कपाळाचा घाम पुसला. “अहो साहेब, यात बघायचं काय राहिलंय? नुसता गंज आहे.”

गंजच होता. चामडं शिवायची जुनी लोखंडी मशीन, उजव्या अंगाला मुठीचं मोठं चाक. एके काळी ती काळी कुळकुळीत होती आणि तिच्यावर सोनेरी नक्षी होती. आता बोट लावलं की तांबडी भुकटी निघत होती. ह्यांनी चाकाला हात घालून जोर लावला, पण ते ढिम्म हलेना.

मी खरं सांगू? मी तिथे गेले होते ते एका पितळी डब्यासाठी. थोरले दीर जाऊन वर्ष होत आलं होतं आणि जाऊबाई आता लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. घर रिकामं करतेय, धाकट्यांना काही हवं असेल तर बघून जा, असा त्यांचा निरोप आला होता. डबा मला मिळालाही. पण ह्यांची नजर त्या लोखंडावर गेली आणि मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

“घ्यायची असेल तर विकत घ्या, भावजी,” जाऊबाई म्हणाल्या. “हा देतोय तेवढेच द्या. पण फुकट नाही देणार.”

“अहो ताई, घरातल्या घरात विकत काय घ्यायचं?” मी म्हटलं.

“घरातल्या घरात?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. इतकी वर्षं दोन गल्ल्या सोडून राहिलो, पण आम्ही त्या घराचा उंबरा ओलांडला तो थोरले गेले त्या दिवशी, आणि तेव्हाही हे मागे भिंतीला टेकून उभे होते.

“विचार करून सांगतो,” हे म्हणाले. भंगारवाला पुढच्या फेरीला येतो म्हणून गेला. जाताना माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं असणार, बाई शहाणी दिसते, घेऊ देणार नाही.

आता ह्या मशीनचं काय ते सांगितलंच पाहिजे. दोघा भावांचं दुकान एकच होतं, ह्याच घराच्या ओसरीवर. मशीनही एकच आणि ती चालवायचे दोघं मिळून. जाड चामडं असलं की ते दोन्ही हातांनी धरून सुईखालून न्यावं लागतं, मग चाक फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून थोरले पुढच्या स्टुलावर बसून चामडं धरायचे आणि हे बाजूला बसून चाक फिरवायचे. कोपरा आला की हे चाक थांबवायचे. सुई चामड्यात रुतलेलीच ठेवून थोरले दाब, म्हणजे चामडं दाबून धरणारी लोखंडी पट्टी, वर उचलायचे, चामडं सुईभोवती वळवायचे, दाब खाली सोडायचे आणि नुसतं “हं” म्हणायचे. तो “हं” आला की पुन्हा चाक. लग्न होऊन मी नवी नवी आले तेव्हा मला ह्या दोघांची गंमत वाटायची. दिवसभर त्यांच्यात तो एकच शब्द चालायचा, पण भांडण म्हणून कधी नाही.

झालं ते एका प्रवासाच्या पेटीवरून. चांगलं महागाचं चामडं, गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसलेलं. शेवटच्या कोपऱ्यावर सुई ओढली गेली आणि चामडं टरकन फाटलं. कापडाचा टाका उसवून पुन्हा घालता येतो. चामड्याला एकदा भोक पडलं की पडलं. थोरले म्हणाले, “तू चाक आधी फिरवलंस.” हे म्हणाले, “मी फिरवलंच नाही. तुझाच हात हलला.” तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण हे गिऱ्हाइकासमोर म्हणाले, “तुझे हात थरथरतात आता, दादा. तुला होत नाही.” थोरले उठले, हात धुतले आणि जेवायला निघून गेले. संध्याकाळी दुकानाच्या वाटण्या झाल्या. मशीन त्यांच्याकडे राहिली, आम्ही पुढच्या गल्लीत छोटी जागा घेतली. चपलांना डिंक लावायचा, पट्टे बदलायचे, हातानं चार टाके घालायचे, त्यावर आमचा संसार चालला.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. सोडणारच.

“त्या धुडाला ठेवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?”

“दुकानात. कपाटाच्या जागी.”

“आणि आता जाड चामड्याचं काम आणतं कोण तुमच्याकडे? सगळं चिकटवलेलं असतं. बरं, आणलंच कुणी, तर चामडं धरणार कोण? तुम्ही जन्मभर चाक फिरवलंत. धरायचं काम दादांचं होतं.”

“मी काम करायला नाही घेत आहे.”

“मग काय पूजेला?”

ते ताटातल्या भाताचे ढीग करत बसले. मग म्हणाले, “त्या दाबाला एक स्प्रिंग असते. ती ढिली असेल तर दाब नीट बसत नाही, चामडं आपोआप सरकतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही. आत्ता, दादा गेल्यावर सुचलं. कदाचित त्याचाही हात हलला नसेल आणि मीही चाक फिरवलं नसेल. मशीनचीच चूक असेल. उघडल्यावर कळेल.”

माझा सगळा राग विरघळला. वर्षभर हा माणूस मनात हे घोळवत होता आणि मला वाटत होतं, ह्यांना भाऊ गेल्याचं काहीच नाही. मी तसं एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं.

“आणि मशीन धडधाकट निघाली तर?” मी विचारलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. तीच तर भीती होती. गंजलेली होती तोवर कुणाची चूक ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते एका परीनं बरंच होतं. रोज सकाळी हे मुद्दाम जाऊबाईंच्या गल्लीतून दुकानात जायचे आणि संध्याकाळी त्याच गल्लीतून परत यायचे. मशीन ओसरीवर तशीच पडलेली असायची. आज घेतो म्हणायचे, उद्या म्हणायचे, राहू दे, जाऊ दे भंगारात. एकदा मीच वैतागून म्हटलं, “घ्या बाई एकदाची! तिथे पडून तुम्हाला खातेय, त्यापेक्षा इथे पडून खाऊ दे.”

भंगारवाल्याच्या हातगाडीवरूनच ती आमच्या दुकानात आली. त्याला फार वाईट वाटलं. “काका, ही कधी चालायची नाही, लिहून देतो,” म्हणाला.

मग काय विचारता! सगळ्या दुकानाला रॉकेलचा वास. जुने दात घासायचे ब्रश, तारेचा ब्रश, फडकी, तेलाची बुधली. एक एक स्क्रू रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी हलवून बघायचा, हलला नाही तर पुन्हा भिजवायचा. गिऱ्हाइकाच्या चपला तशाच पडून राहायला लागल्या. मी बोलायची, पण खरं सांगते, मलाही तो चाळा लागला होता. नक्षीवरचा गंज मीच काढला, नखानं, हळूहळू. खालून एक सोनेरी पान निघालं तेव्हा मी ह्यांना हाका मारून बोलावलं.

आणि एका सकाळी चाक फिरलं. आधी कुरकुरलं, अडलं आणि मग एकदम गर्रकन फिरलं. “फिरलं गं! फिरलं!” म्हणत हे लहान मुलासारखे हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी त्यांनी दाबाचा भाग उघडला. मी शेजारच्या फळीवर चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

“काय झालं?”

“स्प्रिंग ठणठणीत आहे,” ते म्हणाले.

“गंजानं आता घट्ट झाली असेल. तेव्हा असेल की ढिली.”

“स्प्रिंग गंजली तर मोडते. घट्ट होत नाही.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “शिवून बघू. शिवताना काय ते कळेल. तू चाकावर बस.”

“मी?”

“दुसरं कोण आहे?”

जाड चामड्याचा एक तुकडा घेतला, दुहेरी केला. हे पुढच्या स्टुलावर बसले, थोरल्यांच्या जागी. बसायच्या आधी स्टूल दोनदा पुसलं. मला सगळं समजावून सांगितलं. कोपरा आला की थांबायचं, मी “हं” म्हटलं की फिरवायचं, त्याच्याआधी नाही. मला काही कळत नाही असं समजू नका, म्हटलं, इतकी वर्षं बघितलंय.

पहिली शिवण सरळ गेली. कोपऱ्यावर मी थांबले, त्यांनी चामडं वळवलं, “हं” म्हणाले, मी फिरवलं. छान जमत होतं. दुसऱ्या कोपऱ्यावरही जमलं. माझ्या हाताला लय लागली. मोठं चाक, त्याला आपली एक ओढ असते. तिसऱ्या कोपऱ्याला मी थांबले, त्यांनी दाब उचलला, चामडं वळवायला लागले, आणि टरकन आवाज झाला. सुई आडवी ओढली गेली होती. शिवणीच्या बाजूला लांबलचक चीर पडली.

“तू आधी फिरवलंस,” हे म्हणाले.

“मी? अजिबात नाही!” मी फाडकन म्हटलं. “मी फिरवलंच नाही. तुमचाच हात हलला!”

अगदी खरं वाटत होतं मला. देवाशपथ सांगितलं असतं कुणालाही, की मी चाकाला धक्कासुद्धा लावला नाही. पण बोलून झाल्यावर माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. चाकाची मूठ वर होती तिथून खाली आली होती. मुठीवर माझीच बोटं होती.

मी मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्यावर रागावले नव्हते. तोंडाचा सगळा रंग उतरला होता. फाटलेलं चामडं दोन्ही हातांत अजून तसंच धरलेलं होतं, आणि हात जराही हलत नव्हते.

“तुला कळलंच नाही ना?” ते म्हणाले. “हात कधी फिरला ते?”

“नाही हो. आईशप्पथ नाही कळलं.”

“मलाही नव्हतं कळलं.”

मग ते रडले. भाऊ गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ह्या माणसानं. मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझी चूक ह्यांनी एका क्षणात माफ केली होती आणि ह्यांनी आपली चूक ज्याच्यापाशी कबूल करायची तो माणूसच आता नव्हता.

जाऊबाई निघायच्या दिवशी निरोप घ्यायला दुकानात आल्या. हातात एक पिशवी, जावई मागून सामान घेऊन येणार होता. मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या, मशीनकडे बघत राहिल्या. ह्यांनी बसूही दिलं नाही नीट.

“वहिनी, दादाचा हात हलला नव्हता,” ते उभ्यानंच म्हणाले. “चाक मीच आधी फिरवलं होतं. मला आत्ता कळलं.”

“त्यांना माहीत होतं,” जाऊबाई म्हणाल्या.

“काय?”

“हेच. ते म्हणायचे, खोटं बोलणाऱ्यातला नाही तो, त्याला खरंच कळलं नसणार. पहिले दोन दिवस धुमसले, मग राग गेला त्यांचा. तुम्ही हातांबद्दल बोललात ते मात्र लागलं होतं. मी म्हणायची, मी फिरवते चाक, सुरू करा मशीन. तर नाही म्हणायचे. येईल तो, म्हणायचे.”

“मग मला बोलावलं का नाही त्यानं?”

“मीही तेच विचारायची. म्हणायचे, मोठा मी आहे, धाकट्यानं यावं.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “आणि तुम्ही का नाही आलात, भावजी?”

हे म्हणाले, “मला वाटायचं, तो मोठा आहे. त्यानं हाक मारावी.”

जाऊबाई हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही. “कर्म माझं,” एवढंच म्हणाल्या. “दोघंही एका आईची लेकरं शोभता.”

माझ्या मनात आलं, आता ह्या दोन शब्द सुनावतील आणि निघतील. सुनावले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, पाय जरा सैल सोडले आणि म्हणाल्या, “फिरवा जरा. चामडं नका लावू. नुसतं फिरवा. स्वयंपाक करताना दिवसभर कानावर असायचं. तुम्ही गेल्यापासून घर मुकं झालं होतं.”

हे चाकापाशी बसले. मूठ धरली आणि फिरवायला लागले. खट्-खट्-खट्, संथ, एकसारखं. सुई रिकामी वर-खाली होत होती. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या थांबा म्हणेनात, आणि ह्यांना थांबवेना.

दारात एक गिऱ्हाईक तुटकी चप्पल हातात घेऊन आत डोकावलं. मी त्याला खुणेनंच सांगितलं, उद्या ये.