उतारावरची खोली

हयवदन अण्णांच्या घराचं मागचं दार उघडलं, की जमीन अठरा फूट खाली उतरायची. उतारभर मोठमोठे खडक. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अनुसूया अक्कांचे, गुडघे गेल्यापासून त्यांना जिना चढवत नव्हता. स्वयंपाकघराला लागूनच त्यांच्यासाठी खोली हवी होती, आणि मोकळी जागा तेवढी या उतारावरच होती. दोन आर्किटेक्ट बघून परत गेले होते. तिसरी आली स्मृती, याच बसवनगुडी भागात वाढलेली.

"खडक फोडायचे, खाली भिंत बांधून भराव घालायचा," कंत्राटदार गुरुदत्त म्हणाला. "दुसरा उपायच नाही."

"भराव खचतो, खडक नाही," स्मृती म्हणाली. "चार लोखंडी खांब थेट खडकात रोवू. खोली वर राहील, पावसाचं पाणी खालून आपल्या वाटेनं जाईल."

अक्कांना ते फारसं पटलं नाही, पण अण्णांनी "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हटलं. पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात लोखंड कापायला सुरुवातही झाली.

खांबांसाठी खणलेल्या तीन खड्ड्यांत तीन फुटांवर खडक लागला. चौथा सात फूट खणला, तरी नुसती भुसभुशीत माती आणि फुटकी कौलं. कुणीतरी पूर्वी तिथं राडारोडा टाकला होता. गुरुदत्तनं स्मृतीकडे बघितलं.

तिनं आधी कारखान्याला फोन करून काम थांबवलं, मग पहार मागून घेतली आणि स्वतः उतारावर ठोकत निघाली. चौथ्या खड्ड्यापासून घराकडे वर सरकत पाच फुटांवर पहार खणकन वाजली. आणखी चार ठिकाणी ठोकून तिनं खात्री केली आणि ती घरात गेली.

"चूक माझी आहे, अण्णा. मी आराखड्याआधी तीनच जागा तपासल्या, चौथी तशीच असेल असं धरून चालले. आता खांब पाच फूट आत येईल आणि खोलीचा एक कोपरा खांबाशिवाय पुढे राहील. तुळया जाड कराव्या लागतील."

"धोका?"

"रघुपतींचं गणित हातात आल्याशिवाय एक तुळई उचलणार नाही." रघुपती म्हणजे तिचे इंजिनिअर.

अण्णांच्या आधी अक्काच म्हणाल्या, "चुकलं ते तोंडावर सांगते. हिलाच बांधू दे."

दोन दिवसांनी गणित आलं, सहा आठवड्यांत खोली उभी राहिली. स्मृतीनं त्या कोपऱ्यात वाळूची साठ पोती रचून दिवसभर ठेवली. संध्याकाळी मोजलं, तर कोपरा केसभर वाकला होता; पोती काढल्यावर पुन्हा होता तिथं आला. गुरुदत्तनं स्वतः दोनदा पट्टी लावून पाहिली आणि येलहंक्याजवळ आपल्या मेव्हण्याचा असाच एक उताराचा प्लॉट आहे, तो बघायला कधी येता, असं विचारलं.

अक्का काठी टेकत स्वयंपाकघरातून सरळ आत आल्या. वाटेत एक पायरी नाही. त्या थेट कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि खिडकीतून खालच्या नारळांचे शेंडे बघत उभ्या राहिल्या.

"स्वल्प ऊन येतंय इथं," त्या म्हणाल्या. "पलंग इथंच लावा."