न मरणारे मासे आणि आमचे भावजी

आमचे भावजी, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा ग्वाल्तेर, यांना न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरची पाटी तीन भाषांत वाचता येते आणि तिन्ही भाषांत ते ती मानत नाहीत. ‘इथले मासे खाऊ नका.’ "ती अमेरिकनांसाठी आहे, आपण पोर्तुगीज," म्हणतात. स्वतः इथेच जन्मलेत, ते सोडा.

रविवारी लेक ओदिलिया जेवायला येणार म्हणून धक्क्यावर गेले आणि मनगटाएवढी वाम धरून आणली. लसूण, वाइन, बटाटे, मोठं पातेलं, सगळा थाट. ती पोटुशी. पहिलटकरणीनं वामीचा रस्सा ओरपला की मूल दणकट होतं, असं भावजींच्या आईचं म्हणणं होतं. माझा वामीवर विश्वास नाही, म्हणून मी आपलं शेगडीवर सॉसेज टाकलं.

आता गंमत बघा. ओदिलिया प्रयोगशाळेत काम करते ती याच बंदरातल्या बोटभर माशांवर. कारखान्यानं वर्षानुवर्षं विषारी तेल सोडलं, तरी हे मेले मरत नाहीत. हे कळल्यापासून भावजी गल्लीभर मिरवत होते, जसे काही ते मासे त्यांच्याच कुळातले.

"तुझेच मासे गळाला लावून धरलीय," त्यांनी वाडगा तिच्यापुढे सरकवला. "ते ठणठणीत, वाम ठणठणीत. खा."

"बाबा, मी हे खाणार नाही."

"शिकवलं आणि पस्तावलो! देओलिंदा, तू तरी सांग हिला."

"मला कशाला मध्ये ओढता?" मी म्हटलं. "मी सॉसेज बघतेय."

ओदिलियानं छताकडे बोट केलं. तिथं धूर झाला की कोकलणारी डबी आहे. तळण काढलं की ती बोंब ठोकायची, म्हणून भावजींनी तिची बॅटरी काढून टाकली होती.

"ती आता का ओरडत नाही?"

"बॅटरी काढलीय ना!"

"मग धूर थांबला?"

"धूर कशाला थांबेल? काहीतरीच!"

"माशांचं तेच झालंय. विष आलं की अंगात अशीच बोंब उठते. त्या बोंबेपायीच पिल्लांची हृदयं वाकडी व्हायची, अंड्यातच मरायची. काहींच्या जनुकांतच ती डबी मोडकी होती. ती तेवढी वाचली, पुढे त्यांचीच पिल्लं झाली. विष कुठं गेलं नाही, बाबा. ते त्यांच्या अंगात साठलं, तिथून वामीत आलं, आणि आता तुम्ही ते मला वाढताय."

"म्हणजे शिकले ना मासे! आम्हीही शिकलो. आईनं मला यावरच वाढवलं, बघ कसा घोड्यासारखा आहे!"

"कुणी काही शिकलं नाही. ज्यांना सोसलं नाही ते मेले, एवढंच. आजीला मुलं किती झाली?"

"पाच."

"आणि वाढली किती?"

 दर वर्षी मृतांच्या दिवशी भावजी कब्रस्तानात चार छोट्या मेणबत्त्या लावतात आणि वाऱ्याला आडोसा करून उभे राहतात. त्या दिवशी त्यांची थट्टा करायची माझी पण छाती होत नाही.

"ती कशानं गेली, मला माहीत नाही," ओदिलिया हळू आवाजात म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. पण तुम्ही साक्ष काढताय ती फक्त वाचलेल्याची."

मला त्यांची फार दया आली.  मग भावजी उठले, पातेलं उचललं आणि मागच्या दाराशी गेले.

"कोबीच्या वाफ्यात ओतू नका हो!" मी ओरडले.

नाही ओतलं. कचऱ्याच्या पिशवीत घालून गाठ मारली. परत येऊन खण उपसला, बॅटरी शोधली, खुर्चीवर चढले आणि डबीत बसवली. इकडे माझं सॉसेज करपलेलंच. डबीनं जो काही गळा काढला! मी टॉवेल घेऊन वारा घालायला धावले.

"राहू दे, देओलिंदा," भावजी खुर्चीवरूनच म्हणाले. "बोंबलू दे तिला."