कोपऱ्यातली चौकट

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आम्ही सगळे पातूरच्या नदीवर उन्हात ताटकळत उभे होतो. माझा भाऊ किशोर हात जोडून एकेक कबूल करत होता. मायला सांभाळीन, फुलांचा मळा मोडणार नाही, भावकीशी भांडणार नाही. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. मला उन्हाचा आणि कावळ्यांचा सारखाच राग आला. चिडून म्हणाले, "बरं बाबा, तुमचा कम्प्युटर बी बंद नाई करनार आमी!"

एक कावळा सरळ खाली आला. कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

बाबा, म्हणजे महादेवराव, यांनी झेंडू-शेवंतीचे भाव बघायला म्हणून कम्प्युटर आणला आणि दिवसभर त्यावर पत्ते खेळले. आता तो देवघराशेजारी अखंड चालू राहिला. लाइट गेली की घरातले पंखे बंद पडायचे, पण कम्प्युटर नाही, कारण किशोरनं खास त्याच्यासाठी इन्व्हर्टर बसवला होता. अपडेट करायचा तर तो बंद होऊन सुरू होतो, म्हणून अपडेटही कोणी करू दिला नाही. मी अमरावतीला शाळेत पोरांना कम्प्युटर शिकवते आणि माझ्याच माहेरी ही तऱ्हा! पण कबूल मीच केलेलं, बोलणार कोणत्या तोंडानं?

मग एक दिवस किशोरचा फोन आला. "पुनी, माय जेवून नाई राहिली. बीपीची गोळी बी घेत नाई. बाबा कम्प्युटरवरून बोलावून राहिले म्हनते."

दुपारी पोचले तेव्हा माय पडद्यासमोर बसली होती. गाल पार आत गेलेले. शेजारी झाकलेलं ताट तसंच पडलं होतं. इतक्यात टुण् करून पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट वर आली.

"लीलाबाई, तुमची जागा राखून ठेवली आहे. कधी येताय?"

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मग डोकं फिरलं. "माय, हे यात्रा काढनाऱ्याइची जाहिरात हाय. तुयं नाव याईले कोनं सांगतलं?"

"मीनंच. त्या डब्ब्यानं इचारलं होतं."

"अन् याईले घरात कोनं घेतलं?"

"परवानगी देता काय म्हनून इचारे, म्या हो म्हनलं. दारात उभं असलेल्याले नाई कसं म्हनाव, पुनी?"

मायनं आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. सासूला नाही, भावकीला नाही, बाबांना तर कधीच नाही. समोर आलेल्या प्रत्येक चौकटीत तिनं 'हो' दाबलं होतं, आणि आता हे बोलावणंही तिनं मनोमन मान्य करून टाकलं होतं. जायचंच आहे तर गोळी कशाला आणि जेवण कशाला?

मी तिला बाजूला सरकवलं आणि ब्राउझरची सेटिंग उघडली. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी घेऊन बसलेल्या साइट खंडीभर होत्या, सगळ्या हाकलल्या. न विचारता घुसलेले प्रोग्राम उपटले. कम्प्युटरला व्हायरस शोधायला लावलं, तर घाण निघतच राहिली. शेवटी इंटरनेटची वायरही काढून हातात घेतली. चौकटी थांबल्या. घर इतकं शांत झालं की डब्ब्यातला पंखा ऐकू यायला लागला.

माय रडायला लागली. "तूनं त्याईले घराबाहेर काढलं."

"बाबा नव्हतेच तिथं, माय. दोन घास खाय आता."

टुण्.

वायर माझ्या हातातच होती. कोपऱ्यात चौकट वर आली. तिच्यात चित्र नव्हतं, कंपनीचं नाव नव्हतं.

"अवं, जाऊ काय मी आता?"

खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नाही'.

जाहिरातवाले पुस्तकी मराठी लिहितात. मायला 'अवं' म्हणून हाक मारणारा माणूस जगात एकच होता. "माय, हो म्हन," मी कशीबशी बोलले. "जाऊ दे त्याईले."

मायनं पदरानं डोळे पुसले, माऊस हातात घेतला. बराच वेळ बाण दोन बटणांवरून इकडून तिकडे फिरवला. मग तिनं 'नाही' दाबलं. चौकट मिटली.

"त्याईले थांबा म्हनलं," माय म्हणाली. "ते अठीच हायेत, मंग मले जायाची काय घाई?"

माऊस ठेवून तिनं ताट ओढलं. भाकरीचा पहिला तुकडा कीबोर्डापाशी ठेवला आणि मग स्वतः जेवायला लागली. आपल्या हातानं गोळीही घेतली. ती जेवतेय याचा मला खूप आनंद झाला, पण त्या पडद्याकडे बघवेना. मी हळूच भिंतीवरच्या स्विचकडे हात नेला.

"पुनी," घास चावत, माझ्याकडे न बघता माय म्हणाली, "कावळ्याले काय कबूल केलं होतं तूनं?"

मी हात मागे घेतला. पडद्यावर पत्त्यांचा डाव आपोआप मांडला जात होता.