शिडी नसलेले कोठार

मी एक जुने भाताचे कोठार आहे, मित्रांनो. माझ्या पोटात किती भात आहे, हे खाली उभ्या माणसाला कधीच कळत नाही. मला दार नाही. चार खांबांवर मी उभे आहे, खाली अरुंद आणि वर रुंद, आणि छपराच्या टोकाखाली झडपेएवढे एक तोंड आहे. तिथवर पोचायचे तर शिडीच हवी. तेव्हा माझी गोष्ट ही खरे म्हणजे माझ्या शिडीची गोष्ट आहे. समोरचा मारापी हा ज्वालामुखी डोंगर आज सकाळपासून पुन्हा धुमसू लागला आहे, म्हणून ती आजच सांगून टाकलेली बरी.

या अंगणात आम्ही तीन कोठारे आहोत. एकातला भात रोजच्या जेवणाचा, दुसऱ्यातला विकायचा. माझे नाव सितांका लापा, म्हणजे भुकेला अडवणारे. माझ्यातला भात घरच्यांचा नव्हेच. गावात ज्याची चूल पेटत नाही, त्याचा तो. सुतार मला बांधत होता तेव्हा अमाई सानिआर ही घराची धनीण होती. तिने त्याला बजावले, "शिडी भक्कम कर, पण एक पायरी सैल ठेव. करकरली पाहिजे."

सुतार हसला. "अमाई, लोक न वाजणारी शिडी मागतात."

"लोकांना मागू दे. तू मी सांगते तशी कर."

त्या करकरण्यातच सगळी मेख होती. शिडी बारा महिने मला टेकलेली असे. कुणी गरजू बाई चढली की ती पायरी वाजे, आणि आवाज ऐकताच घरात जे कुणी असेल ते माझ्याकडची खिडकी लावून घेई. कोण आले, किती नेले, हे पाहायचे नाही. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये, असा अमाईचा दंडक होता. एवढ्या वर्षांत कुणी गरजेपेक्षा मूठभरही जास्त नेल्याचे मला आठवत नाही. येणारेजाणारे माझे कौतुक करत आणि मीही अगदी फुगून जाई.

अमाई गेली. आमच्याकडे घरदार आईकडून लेकीकडे जाते, तसे ते थोरल्या युस्निमारकडे आले. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. पण तिची मावसबहीण एर्ना मेदान शहरात दिली होती. दर ईदला एर्ना मोटारीतून यायची, घरभर बांगड्या वाजवत हिंडायची आणि जाताना म्हणायची, "बाई गं, तुम्ही अजून या चिखलात कसे राहता?" ते युस्निमारच्या मनाला लागले. तिची नजर वर लागली ती लागलीच. खाली बघायचे ती विसरून गेली. एका ईदनंतर तिने माझी शिडी उचलली आणि घरात नेऊन आडवी ठेवली.

तिचा थोरला भाऊ काहार लग्नानंतर रिवाजाप्रमाणे बायकोच्या घरी राहायचा, पण मामा म्हणून या घरावरही त्याचे लक्ष असे. तो अंगणात येऊन थबकला. "युस, शिडी कुठंय?"

"आत आहे. ज्याला हवं त्याने मागून न्यावं. आपलंच भागत नाही दादा, लोकांचं कुठून भागवू? एर्नाकडे फरशी आहे, मोटार आहे. आपल्याकडे काय? गळकं छप्पर!"

"तीन कोठारांच्या मालकिणीने गळक्या छपरासाठी रडू नये. ओढ्यापलीकडच्या तियामानला विचार. तिला गळायलासुद्धा छप्पर नाही."

"तू आधी तुझ्या बायकोच्या घरचं बघ, मग इथं शहाणपण शिकव," युस्निमार म्हणाली. काहार आला तसा निघून गेला. तो तसाच गेला याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच वर्षी मारापीने राख ओकली. पाने पांढरी झाली, ओढ्याचे पाणी करडे झाले, आणि कापणीला लोंब्या हातात घेतल्या तर त्यात नुसती फोलपटे. शेतावर काम उरले नाही. माझ्या पोटात मात्र मागल्या सालांचा भात गळ्यापर्यंत भरलेला होता, आणि त्याला किडे लागत होते. आतल्या आत ते कुरतडत असत. ते ऐकत उभे राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते.

एका सकाळी तियामान आली. नवरा नसलेली, दुसऱ्यांच्या शेतात राबणारी, एका लेकीची आई. शिडीच्या पायांनी जमिनीत पाडलेले दोन खळगे अजून होते, त्यांच्यापाशी ती उभी राहिली. खिडकी उघडी होती आणि युस्निमार बघत होती.

"काय गं तियामान? काही हवं होतं का?"

"नाही उनी," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला आमच्याकडे उनी म्हणतात. "इकडून चालले होते, सहज थांबले."

"काय सांगू बाई, यंदा आमचीच ओढाताण चाललीय."

"हो ना उनी. सगळ्यांचीच."

पदराआडची रिकामी टोपली तिने आणखी घट्ट धरली आणि ती निघून गेली. थांब, असे ओरडावेसे मला वाटले. पण कोठाराला तोंड असते ते फक्त भातासाठी.

पुढचे मी देस्नीच्या तोंडून ऐकले. देस्नी ही युस्निमारची सहा वर्षांची लेक. तियामानच्या नूरमाशी तिची गट्टी होती. त्या दिवशी ती ओढ्यापलीकडे खेळायला गेली, तेव्हा तियामान रानातला कंद उकडत होती. तो कंद विषारी असतो. चकत्या करून, मीठ चोळून, तीन-चार दिवस वाहत्या पाण्यात ठेवला तरच खाण्याजोगा होतो. पण ओढ्यात राखेचा चिखल होता आणि नूरमा भुकेने उठेनाशी झाली होती. तियामानने घागरीतल्या पाण्यात एक दिवस भिजवून तो चुलीवर चढवला.

ताटल्या वाढताना तिने देस्नीकडे पाहिले. दोन वाट्यांचे तीन वाटे केले. "बस गं पोरी. घरी आलेलं लेकरू उपाशी कसं बसवू?" आणि स्वतःचा वाटा तिने पोरींपुढेच सरकवला.

दिवस मावळायच्या आत दोघी पोरी ओकू लागल्या. काहारने देस्नीला खांद्यावर टाकून आणले. वैदूबाई या घरातून त्या घरात धावत होती. देस्नीची शुद्ध हरपली, परत आली, पुन्हा हरपली. शेवटी तिने पाणी मागितले. नूरमाने पुन्हा कधीच काही मागितले नाही.

वैदूबाई माझ्याच सावलीत येऊन बसली. युस्निमारने तिचे पाय धरले. "तुमच्या औषधाने माझी पोर वाचली."

"औषध दोघींना एकच दिलं," वैदूबाई म्हणाली. "तुझ्या पोरीच्या पोटात सकाळचा भात होता, म्हणून ती तगली. नूरमाच्या पोटात तीन दिवस काही नव्हतं."

युस्निमारने वर माझ्याकडे पाहिले. मग आत गेली, शिडी ओढत आणली, त्याच दोन खळग्यांत रोवली आणि चढली. झडप उघडताच किड्यांचा ढग तिच्या तोंडावर आला. आतला भात मुठीत घेऊन ती तिथेच रडू लागली. "दादा, आपण गरीब नव्हतोच रे! कधीच नव्हतो!"

तेव्हापासून शिडी जागेवर आहे. बायका येतात, पायरी वाजते, खिडकी लागते. तियामान मात्र येईना. युस्निमारने भाताची टोपली पाठवली, ती झाकणासकट परत आली. तियामानने दारच उघडले नाही. तरीही प्रत्येक करकरीला युस्निमार खिडकी लावून आत उभी राही आणि पुटपुटे, "ती असू दे. देवा, आज तरी ती असू दे."

पुढच्या सुगीत एका दुपारी ती आली. पायरी वाजली, खिडकी लागली. रिवाजाप्रमाणे कुणी पाहिले नाही. युस्निमारने त्या पावलांचा आवाज ओळखला असावा, कारण भिंतीमागून तिचे हुंदके मला ऐकू येत होते. तियामान आपल्याकडचे घ्यायला आली, असेच तिला आजवर वाटते.

मला ठाऊक आहे, तियामानने काही नेले नाही. कापणी झालेल्या शेतांतून वेचलेला भात तिच्या पदरात होता. तो तिने माझ्यात ओतला. फार नव्हता. एका लहान पोरीला एक वेळ पुरेल, एवढाच.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी शिडी आत आडवी पडलेली असेल. कुणाची मोटार बघून तुम्ही स्वतःला गरीब म्हणवत असाल, तर एकदा खाली बघा, आणि ती शिडी आजच बाहेर आणून टेकवा. मारापी पुन्हा धुमसतो आहे. ओढ्यापलीकडे कुणाच्या चुलीवर आज काय शिजते आहे, ते मला इथून दिसत नाही.