करणीचा कापूस

रनाळ्याच्या पारावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अंगारेधुपारे करणाऱ्या मगन महाराजाने आजारी हिंमतराव पाटलांच्या घशात फडके गुंडाळलेले बोट फिरवले आणि बाहेर काढले. फडक्यावर पांढरा थर होता.

"देखा, करणीना कापूस निघना," महाराज म्हणाला.

आमच्या कपाशीच्या मुलखात यावर शंका कोण घेणार? ज्याच्या त्याच्या तोंडी शेजारच्या शेतवाल्याचे नाव आले.

नऊ दिवस कापूस निघत होता. रोज अंगाऱ्याबरोबर पावशेर गूळही पाण्यात कालवून पाजला जात होता. हिंमतराव मात्र वाळत चालले होते. महाराजाकडे आणखी एक पुरावा होता. हिंमतराव लघवीला बसत तिथे मुंग्यांची रांग लागे. "त्या देवीन्या मुंग्या शेतस. दुखनं लई जाई ऱ्हायन्यात." मुंग्या दुखणे वाहून नेत आहेत, असे त्याचे म्हणणे.

हिंमतरावांच्या पत्नी, निर्मलाबाई, शाळेच्या दाराशी आल्या. "गुरुजी, आज पानीबी उतरी नही ऱ्हायनं."

मी तिसरीचा वर्ग तसाच उठवून पाराकडे नेला. पळसाचे तीन द्रोण मांडले. एकात हिंमतरावांची लघवी, दुसऱ्यात माझी, तिसऱ्यात गुळाचे पाणी. मास्तर पिसाळला, असे लोक म्हणाले. मुंग्यांना घाई नव्हती.

अर्ध्या तासात पहिला आणि तिसरा द्रोण काळा झाला. माझ्या द्रोणाकडे एकही मुंगी फिरकली नाही. गुरुजींवर देवीची कृपाच नाही, असे महाराजाने सांगून टाकले.

तेव्हा माझ्या वर्गातल्या चिमुरड्या प्रमिलेने विचारले, "मंग महाराज, गूळलेबी करणी व्हयनी का?"

मागे कोणीतरी फसकन हसले. निर्मलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दिराला गाडी जुंपायला सांगितली.

नंदुरबारच्या डॉक्टरांना लघवीत साखर सापडली. घशातला कापूस म्हणजे बुरशी निघाली. घशाला जांभळे औषध लावले, मधुमेहाची इंजेक्शने सुरू केली. महिन्याभराने हिंमतराव भाकरी खाऊ लागले.

मुलांनो, ही बुरशी धडधाकट माणसाच्या घशात सहसा रुजत नाही. मधुमेह, लांबलेला ताप, उपासमार यांनी शरीर खचले की तिचे फावते. तान्ह्या बाळांनाही ती गाठते. महाराज वरचा थर खरवडत होता आणि गूळ घालून तिला पोसत होता. म्हणून तर कापूस संपत नव्हता. घशात पांढरे दिसले, तर वैऱ्याचे नाव शोधत बसू नका. दवाखाना गाठा आणि लघवी तपासून घ्या.